आत्याच्या शब्दांची सुरक्षित रवानगी

३ फेब्रुवारी, संध्या. ७.१०
आजपासून या घरातली प्रत्येक फाइल सुरक्षितच जाईल. निश्चय. पेन ड्राइव्ह बंद. व्हॉट्सॲप बंद (गुड मॉर्निंगपुरतं चालू).

निमित्त सुगंधाआत्या. वय ७६, मुक्काम दोन महिने आमच्याकडे, घाटकोपरला. ती जुने मालवणी शब्द सांगते, मी माइक लावून कॉम्प्युटरवर घेतो. अकरा संध्याकाळी बसून २१४ शब्द झाले, अर्थ आणि उदाहरणासकट. शीतल म्हणून एक मुलगी विद्यापीठात बोलता शब्दकोश करते, तिला पाठवायचेत. २० तारखेला आत्याच्या गळ्यातली गाठ काढणार. डॉक्टर म्हणाले, आवाज बदलू शकतो. तेव्हा जे काही आहे ते या २१४ फाइलींत.

शीतलने सर्व्हरचं लॉगिन दिलंय. एसएफटीपी. फाइल इथून कुलूप लावून निघते, तिकडे पोचल्यावरच उघडते, वाटेत कोणाला काही दिसत नाही. मानसी म्हणाली, पेन ड्राइव्हमध्ये घालून दे ना, मी जाता जाता देते तिला. बायकोच्या तोंडावर हसू नये म्हणून बाथरूममध्ये जाऊन हसलो.

मरोळच्या ऑफिसात सगळ्यांची आयडी कार्डं मी बनवतो. सिक्युरिटी हा माझा विषयच आहे. एका संध्याकाळचं काम.

५ फेब्रुवारी
चाव्या बनवल्या. दोन असतात. पब्लिक, ती सर्व्हरवाल्यांना द्यायची. प्रायव्हेट, ती जीव गेला तरी द्यायची नाही. शीतलला मेल केली. पाच मिनिटांत फोन. काका, तुम्ही प्रायव्हेट पाठवलीत.
म्हटलं, तू सावध आहेस का ते बघत होतो. म्हणाली, आहे.
(काका? मी ५१ चा आहे.)

६ फेब्रुवारी
नव्या चाव्या. चावीलाही एक लांबलचक पासवर्ड लागतो. कोणाला सुचणार नाही असं वाक्य हवं. आत्याला विचारलं. क्षणभरही विचार न करता तिने ठेवणीतला शाप दिला: शिरा पडो तुझ्या तोंडार. इंग्रजी अक्षरांत टाइप केलं. कुठेही लिहून ठेवलेलं नाही.
ता.क. इथे लिहिलंय. पण ही वही कोण वाचतंय!

८ फेब्रुवारी
चावी उघडत नाही. शिरामध्ये आय एक की ई दोन? तोंडारमध्ये ए किती? आत्याला म्हटलं, जरा सावकाश, स्पष्ट बोल. ती सोफ्यावर ताठ बसली आणि माझ्याकडे बघत सहा वेळा म्हणाली. मजा येत होती तिला. सातव्या वेळी समोरचे राजारामकाका भांडण सोडवायला आले. आता पासवर्ड सगळ्या मजल्याला पाठ आहे.
पुन्हा नव्या चाव्या. यावेळी पासवर्ड १२३४. चोर अवघडच शोधत बसतो.

११ फेब्रुवारी
जोडलो गेलो! सर्व्हर आपला ठसा दाखवतो, त्रेचाळीस अक्षरांचा. ओळख पटली तरच ‘होय’ म्हणा, म्हणतो. लोक न बघता दाबतात. मी शीतलला फोन करून एकेक अक्षर वाचायला लावलं. एकोणिसाव्याला आमच्या कुकरची शिट्टी झाली. पुन्हा पहिल्यापासून. सव्विसाव्याला तिने विचारलं, काका, मी येऊन पेन ड्राइव्हच घेऊन जाऊ का? एवढी शिकलेली मुलगी!
शेवटी ‘होय’ दाबलं. कुठेतरी विश्वास ठेवावाच लागतो.

१२ फेब्रुवारी, संध्या. ८.०५
गेल्या! २१४ च्या २१४, अकरा सेकंदांत! डेस्कटॉपवर छोट्या बाणाची चिन्हं करून ओळीत लावल्या होत्या, तिथून उचलून तिकडे सोडल्या. आपली लाइन इतकी फास्ट आहे हे लाइनवाल्यालाही माहीत नसेल. मानसीला आणि आत्याला बोलावून शंभर टक्के दाखवलं. मानसी म्हणाली, तिकडे कोणी ऐकून बघितल्या का? शंभर टक्के म्हणजे शंभर टक्के.

मग मूळ फाइली पुसल्या. एक वस्तू दोन जागी म्हणजे दुप्पट धोका. नुसत्या डिलीट नाही केल्या, वरून गिरवून टाकणारं सॉफ्टवेअर चालवलं. आता कोणाच्या बापालाही परत काढता येणार नाहीत. झकास.

१३ फेब्रुवारी
शीतलचा फोन. २१४ फाइली मिळाल्या, आवाज एकीतही नाही. मी पाठवले ते शॉर्टकट होते. म्हणजे मूळ फाइल माझ्या कॉम्प्युटरवर कुठे आहे, त्याचा नुसता पत्ता. म्हणाली, हरकत नाही काका, मूळ पाठवा.
म्हटलं, बघतो.

१४ फेब्रुवारी
ऑफिसला दांडी. कॉम्प्युटर घेऊन अंधेरीला, पुसलेलं परत काढून देणाऱ्या दुकानात. माणसाने तीन तास बघितलं आणि विचारलं, कोणी पुसलंय हे? फार मनापासून पुसलंय.
या प्रकरणात माझ्या कामाची ही पहिली तारीफ. 
घरी सांगितलं, टेस्टिंग चालू आहे.

१५ फेब्रुवारी
आत्याने विचारलं, माझो आवाज पावलो काय रे थंय?
नाही पावलो, म्हटलं. सगळं सांगितलं. तिने टीव्ही बंद केला. गळ्यावर हात ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, पाच दिस आसत मा अजून. त्या चेडवाक सांग, ये म्हणान. (चेडू म्हणजे मुलगी. शीतल.)

१८ फेब्रुवारी
तीन दिवस शीतल साडेपाचला स्वतःचा रेकॉर्डर घेऊन येते. आत्याला सगळे शब्द पाठ. मधे हात वर करते, पाणी पिते, पुन्हा सुरू. मला त्या खोलीत बंदी. माझ्याकडे आल्याचं पाणी उकळण्याचं खातं.
आज एका शब्दाचं उदाहरण देताना तिने बाबांची नक्कल केली. तेच खाकरणं, तीच घाई. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. मी दाराला कान लावून उभा. पाणी आटून भांडं करपलं.
रेकॉर्डर शीतलने पर्समध्ये टाकून नेला. पर्सची चेनसुद्धा नीट लागत नव्हती. मी दार उघडून धरलं.

२१ फेब्रुवारी
ऑपरेशन काल झालं. गाठ साधी निघाली. आवाज घोगरा, पुरुषासारखा. किती सुधारेल ते सहा महिन्यांनी कळेल म्हणाले. पहिला शब्द: चाय.

२ मार्च, संध्या. ६.३०
शीतलने सगळे शब्द ऐकायला पाठवले. आत्याचा आवाज, जुना, खणखणीत. २१४ नव्हे, २१५ निघाले. शेवटचा नवीन आहे: ‘शाणो. सगळा आपणाकच कळता असा जेका वाटता, तो. उदाहरण: माझो भाचो राजेश.’
मानसीने तीनदा लावलं. आत्या घोगरं हसली, टाके दुखतात म्हणून गळ्याशी उशी धरून.

शब्दकोशात नाव येणं सोपं नाही. शीतलला लगेच मेल केला: उदाहरणात आडनावही घालावं. राजेश पुष्कळ आहेत, उगाच दुसऱ्या कोणाला श्रेय जायला नको.