बॅटरीपासून डिकीपर्यंतची केबल

ती. आत्यास,

तुझ्या भाच्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून वाजतो का? ही म्हणते, वाजू दे, पण चढणं सोडू नकोस. (हे ती बायको म्हणून नाही, फिजिओथेरपिस्ट म्हणून सांगते आहे, तेव्हा ऐकावंस.) इकडे सगळे ठणठणीत. माझा डावा अंगठा भाजला आहे, पण लिहितो उजव्याने, तेव्हा काळजी नसावी.

तुला ठाऊक आहे, ही दर रविवारी सकाळी पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर चाळीसेक आजी-आजोबांकडून व्यायाम करून घेते. तालाला गाणी लागतात आणि निम्म्या मंडळींना कमी ऐकू येतं. पुढची रांग हात वर करायची तेव्हा मागची रांग अजून वाकलेलीच असायची. एक आजोबा असेच गोंधळून पडता पडता वाचले, तेव्हा हिने ठरवलं, आवाज मोठा झाला नाही तर वर्ग बंद. म्हणून गाडीच्या डिकीत मोठे स्पीकर आणि दणदणीत अँप्लिफायर आले. राहिली ती त्याला वीज पुरवणारी केबल. ते काम मी हौसेने अंगावर घेतलं. मी कचेरीत नकाशे काढणारा माणूस. एक रेघ इथून तिथे न्यायची, त्यात काय मोठंसं!

टेप घेऊन मी बॉनेटवरून, टपावरून थेट डिकीपर्यंत माप घेतलं. (केबल टपावरून जात नसते, असं शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर बाल्कनीतून ओरडले. मी त्यांना हात हलवून नमस्कार केला.) दुकानात दोन केबली होत्या. एक काळी, अंगाने बेताची, पण हातात घेताच जड लागणारी. दुसरी लालभडक, अंगठ्याएवढी जाड, आणि उचलायला कशी फुलासारखी! मी अर्थातच लाल घेतली. फ्यूज लावला डिकीत, अँप्लिफायरला खेटून. ज्याला जपायचं त्याच्याच दाराशी पहारेकरी हवा, हा माझा युक्तिवाद. हिने विचारलं, "कुणाला विचारलंस का?" मी म्हटलं, "विचारायचं काय त्यात?"

रविवारी दुसऱ्याच गाण्याला आवाज घोगरा झाला आणि स्टिअरिंगखालून धूर निघाला. मी धावत जाऊन केबल हाताने धरली. (अंगठा तो हाच.) मी फुंकर मारत नाचत होतो. माझी ही उपचारपद्धती बघून मागच्या रांगेने तसंच नाचायला सुरुवात केली. ही मात्र आजोबांचे वॉकर घट्ट करायचा पाना घेऊन बॉनेटकडे गेली आणि बॅटरीची तार सोडवून मोकळी झाली. आत्या, सोळा वर्षांच्या संसारात मी तिच्याकडे इतक्या आदराने कधी पाहिलं नव्हतं.

गाडी ढकलत तारामावशींकडे नेली. त्यांचं खरं नाव कुणालाच माहीत नाही. चाळीस वर्षं गाड्यांच्या तारा जोडताहेत म्हणून तारामावशी. साठी उलटलेली, चष्मा दोरीने गळ्यात, आणि बोटं अशी की वायर आपणहून सरळ होत असावी. त्यांनी माझ्या लाल केबलचा तुकडा कापून समोर धरला. भलंमोठं प्लास्टिक, आत चार केस. त्यांवर त्यांनी चाकू घासला तर तांब्याचा रंग निघून आत पांढरं अ‍ॅल्युमिनियम.

"नुसता कोट भरदार आहे," त्या म्हणाल्या. "आत माणूस नाही."

मग त्यांनी एवढंच विचारलं, की अँप्लिफायर केवढा आणि सलग किती वेळ वाजतो. माप घ्यायला सुतळी काढली आणि खरोखर जिथून केबल जाणार तिथून ती फिरवली: बॅटरी, इंजिनामागच्या पत्र्याचं भोक, दाराच्या उंबऱ्याखालून डिकी. भोकाच्या धारेवर माझी केबल सोलली गेली होती. तिथे त्यांनी रबरी कडं बसवलं. फ्यूजबद्दलचा माझा युक्तिवाद त्यांनी पूर्ण ऐकून घेतला (एवढा मान मला कचेरीतही मिळत नाही) आणि म्हणाल्या, "फ्यूज वायरीला जपायला असतो, दादा. वायर वाटेत पेटली तर डिकीतला फ्यूज काय करणार? बघत बसणार." फ्यूज बॅटरीला अगदी लागून बसवला, जड, शुद्ध तांब्याची काळी केबल घातली, अर्थिंगची तारही तेवढ्याच जाडीची. मला विजेरी धरायला दिली होती. तीही मी दोनदा चुकीच्या जागी धरली.

परवाच्या रविवारी शेवटच्या रांगेतल्या आजींनी प्रथमच सगळ्यांबरोबर हात वर केला आणि स्वतःच हसल्या. हिने माझ्याकडे नाही, आवाज कसा लागतो ते बघायला आलेल्या तारामावशींकडे पाहून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, अंगठा सांभाळून.

घरातल्या सर्वांना यथायोग्य सांगावं.

तुझा,
भाचा

ता. क. गेल्या महिन्यात आतोबांच्या गाडीसाठी मी जी केबल भेट पाठवली, ती लाल आहे. फ्यूज डिकीत लावा, असंही मीच सोबत लिहिलं होतं. काल फोनवर त्यांना फक्त 'गाडी चार दिवस हलवू नका, कारण विचारू नका' एवढं म्हणालो. कारण हे. ती केबल तेवढी काढून घ्यायला लाव, आणि माझी चूक न सांगता जमलं तर बघ.

ता. क. २. हिने हे पत्र वाचलं. म्हणते, पहिला ता. क. सगळ्यात वर हवा होता. तेव्हा आधी तो वाच.