माझ्या रक्ताने केलेली चुगली

तीर्थस्वरूप वहिनीस,

साष्टांग नमस्कार (आडवा झालो की झोप लागते, म्हणून उभ्यानेच). इकडे मी ठणठणीत आहे, आणि तेच नडलं. आईचं कसं आहे? तुझी सर्दी गेली का?

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंना जागरणाने रक्तात काय बदल होतो ते तपासायला माणसं हवी होती. म्हटलं, बावीस वर्षं गोदामावर रात्रपाळीची राखण करतोय, जागण्यात मला कोण हरवणार? तीन रात्री खुर्चीत बसायचं, मधूनमधून रक्त द्यायचं. माझ्यावर लक्ष ठेवायला समोर एक सिस्टर (बिचारी जांभया देऊन हैराण). ताडून बघायला बाईंनी तिचंही रक्त घेतलं.

चौथ्या दिवशी अहवाल आले आणि गोंधळ उडाला. सिस्टरच्या पांढऱ्या पेशी विनाकारण वाढलेल्या, अंगात शत्रू शिरल्यासारख्या. सुजेचा आकडाही चढलेला. माझं रक्त मात्र नुकत्याच झोपून उठलेल्या माणसाचं! बाई म्हणाल्या, नळ्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या. मीही मान डोलावली (कशाला वाद?). पुन्हा रक्त काढलं, पुन्हा तेच. शेवटी कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. वहिनी, काय सांगू! डोळे सताड उघडे, मान ताठ, हातात पेपर, आणि मी ढाराढूर. सिस्टर विचारायची, "काका, जागे ना?" आणि मी झोपेतच "हूं" म्हणायचो. बावीस वर्षांची सवय ती! (गोदामात एकदाही चोरी झाली नाही, हे लक्षात घे.) बाईंनी हात जोडून मला घरी पाठवलं.

निघताना विचारलं, सिस्टरचं काय? म्हणाल्या, दोन-तीन रात्री नीट झोपली की बरंचसं ताळ्यावर येईल, सगळं लगेच नाही. तोवर साधी सर्दीसुद्धा मुक्काम ठोकते.

दादाला नमस्कार. गोदामाचं त्याच्याकडे बोलू नकोस.

तुझा धाकटा दीर

ता. क. सिस्टरच्या तीनच रात्री झाल्या होत्या. तू आईजवळ आठ महिने जागते आहेस. दर शनिवारी "आज मी जागतो" म्हणून मी ऐट मिरवायचो, तेव्हा आईला उठून पाणी कोण देत होतं ते आता कळलं. एका शब्दाने बोलली नाहीस. फार लाज वाटली गं.

आणखी एक. रविवारी येतोय, महिन्याची रजा टाकून. तू आतल्या खोलीत दार लावून झोपायचं. माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवू नकोस. आईच्या मनगटापासून माझ्या पायाच्या अंगठ्यापर्यंत दोरी बांध. गाठ तूच मार, मी मारली तर सैल ठेवीन.