हरडेकोंडच्या डोंगरावर पुन्हा कुऱ्हाड न चालण्याबाबत

मी, हौसाबाई शिवराम भुवड, वय बहात्तर, धंदा शेती, राहणार मौजे हरडेकोंड, तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र माझ्या ओटीवर बसून वकिलांकडून लिहवून घेत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. राग मात्र आहे. वकील म्हणाले, "आजी, मृत्युपत्रात रागाचा मजकूर लागत नाही." मी म्हटलं, "या मृत्युपत्रात लागतो. लिहा."

कलम १. माझे यजमान मुंबईला गोदीत कामाला होते. ते २००४ साली वारले. मला एकच मुलगी, वेदिका, ती चिपळूणला नर्स आहे. राहते घर, समोरची चौदा हापूस कलमे, गोबरगॅसची टाकी व दोन म्हशी तिला द्याव्यात. घर तिने विकले तरी माझी हरकत नाही. विनीतला विकू नये. भाड्यानेही देऊ नये.

कलम २. हा विनीत दत्ताराम भुवड माझ्या दिराचा मुलगा व गावचा सध्याचा सरपंच. आई लवकर गेली म्हणून सहा वर्षे माझ्या चुलीवरची भाकरी खाऊन शाळेत गेला. उपकार मोजायला हे लिहीत नाही. पुढे सांगते ते ज्याने केले तो परका नव्हता, एवढे कळावे.

कलम ३. गट क्रमांक ११८, बारा एकर डोंगर, माझ्या एकटीच्या नावे आहे. त्याची व्यवस्था सांगण्याआधी तिथे काय झाले ते सांगते.

२०१७ ते २०२२ मी सरपंच होते. आमच्याकडे डोंगर दर आठ-दहा वर्षांनी साफ तोडतात आणि लाकूड ट्रक भरभरून कारखान्यांच्या भट्ट्यांना जाते. ते थांबवायचे मी ठरवले. २ ऑक्टोबर २०१८ च्या ग्रामसभेत ठराव केला: डोंगर तोडायचा नाही, घरटी गोबरगॅस, नळपाण्याचा पंप सौर विजेवर, आणि भातरोपांच्या तरव्यासाठी फांद्या तोडून जमीन भाजायची ती भाजावळ बंद.

भाजावळीवरून सभा पेटली. शेजारचे रावजी गोरिवले उभे राहून ओरडले, "भाजल्याबिगर तरवा उगवंल काय? सरपंचबाई, पोरांना काय धूर खायला घालू?"

"धूर तर आताच खातायत," मी म्हटले. "पुढच्या साली माझा तरवा बघा, मग बोला."

मी न भाजता, शेणखत घालून पेरले. रावजी रोज बांधावर येऊन बघायचे. तिसऱ्या वर्षी त्यांनी स्वतःची भाजावळ सोडली. त्रेसष्ट घरांपैकी अठ्ठावन्न घरांत गॅस आला. दर मे महिन्यात कॉलेजची मुले येऊन मोजायची, गाव किती धूर सोडते आणि डोंगर किती ओढून घेतो. २०२२ साली दोन्ही आकडे बरोबरीला आले. पेपरवाले 'कार्बन न्यूट्रल गाव' म्हणाले. वाडीत आम्ही म्हणायचो, धूर फिटला.

त्यानंतर विनीत सरपंच झाला. जानेवारी २०२४ मध्ये माझे खुब्याचे हाड मोडले. दोन महिने चिपळूणला वेदिकाकडे होते. परत आले तेव्हा एसटीच्या थांब्यावरूनच डोंगर दिसला. ऐनाचे झाड नाही, किंजळ नाही, बेहडा नाही. लाल माती आणि बुडखे. त्याच एप्रिलात गावचा झरा आटला. मेच्या पहिल्या आठवड्यात विनीतने एका संस्थेच्या सत्कारात शाल-श्रीफळ घेतले, 'कार्बन न्यूट्रल गावचे सरपंच' म्हणून. मंचावर मागे डोंगराचा जुना फोटो लावला होता.

ग्रामसभेत मी काठी टेकून उभी राहिले. "माझा डोंगर कोणाला विचारून तोडलास?"

त्याने कागद वर धरला. "काकी, हे तुमचं संमतीपत्र. अंगठा हाय तुमचा. वय झालं, इसरलात."

"मी चौथी शिकले. पाच वर्षं तुमच्या दाखल्यांवर सह्या केल्या. अंगठा कधी दिला?"

एकेचाळीस माणसे बसली होती. सगळी चटईकडे बघत राहिली. त्यातल्या निम्म्यांच्या घरी गॅसचा खड्डा खणताना मी स्वतः उभी होते. फक्त रावजी म्हणाले, "बाई खरं बोलते." त्यांना खाली बसवले.

आठ दिवसांनी विनीतची बायको संस्कृती माझ्याकडे आली आणि दारातच रडू लागली. "काकी, तो अंगठा माझा आहे. पाणी योजनेचा कागद आहे, बायकांचा अंगठाच लागतो, असं ह्यांनी सांगितलं मला." पोलिसांत गेले असते तर ती आधी अडकली असती, म्हणून गेले नाही. विनीतला वाटले, म्हातारी हरली.

कलम ४. सबब, सदर डोंगर मी ग्रामपंचायतीच्या नावे, पण ग्रामसभेच्या ताब्यात देते. बुडख्यांना फुटवे आले आहेत. ते वाढू द्यावेत. महिला सभेच्या मंजुरीशिवाय तिथली फांदीही तोडू नये. दर २६ जानेवारीच्या ग्रामसभेत २०१८ चा ठराव मोठ्याने वाचावा, आणि त्यामागोमाग त्या दिवशी गप्प बसलेल्या चाळीस जणांची नावे वाचावीत. यादी सोबत आहे. मेलेल्यांचीही वाचावी.

कलम ५. डांबरी रस्त्यापासून डोंगराकडे जाणारी वाट माझ्या जमिनीतून जाते. विनीतचा आठ एकरांचा डोंगर तिच्या पलीकडे आहे, आणि तोही तोडायला दिल्याचे मला समजले आहे. ही वाटही ग्रामसभेला देते. माणूस, गुरे व बैलगाडी यांना मोकळी. ट्रकला नाही. त्याने लाकूड डोक्यावरून वाहावे.

कलम ६. विनीतला मी किंजळीचा सर्वांत मोठा बुडखा देते. जमीन नाही, फक्त बुडखा. त्याने त्यावर बसून गावाकडे बघावे.

कलम ७. माझ्या चितेला आंब्याची छाटणी व शेण्या वापराव्यात. अग्नी वेदिकाने द्यावा. विनीतने खांदा देऊ नये. आलाच तर त्याला पाणी द्यावे आणि परत पाठवावे.

कलम ८. संस्कृतीला माझ्या पाटल्या ठेवायच्या होत्या. वकिलांनी सांगितले, जिला काही मिळते तिने साक्षीदार होऊ नये. पाटल्या किंवा साक्ष, यातले एकच होईल, असे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "पाटल्या वेदिकाताईंना द्या. मी साक्ष घालते. आणि अंगठ्याचं सगळं लिहा, माझ्या नावासकट."

"घरी गेल्यावर काय होईल, विचार केलास?"

"केला. पिशवी भरून आलेय काकी."

तिची पिशवी या क्षणी माझ्या माजघरात आहे. वेदिका या घराची मालकीण होईल तेव्हा, आणि त्याआधी माझ्या हयातीतही, संस्कृतीला इथून कोणी जा म्हणू नये. ही वाटणी नव्हे, वेदिकाला माझे सांगणे आहे.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

ठिकाण: हरडेकोंड
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार: हौसाबाई शिवराम भुवड (सही)

आम्हा दोघांच्या समक्ष हौसाबाईंनी व त्यांच्या समक्ष आम्ही सही केली:

१. रावजी धाकू गोरिवले (सही)
२. संस्कृती विनीत भुवड, सरपंचांची पत्नी (सही)