दुसरी वेलांटी

बुधवार, ३ मे

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबांच्या कबरीवर काल दगड बसवला. आपल्या यहुदी प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि दादाने कसेबसे नऊ जमवले. दहावे म्हणून दवाखान्याला निघालेल्या दातांच्या डॉक्टरांना रस्त्यातून धरून आणलं. मग रीतीप्रमाणे प्रत्येकाने आठवणीचा खडा दगडावर ठेवला. तुझ्या वाटचा मी ठेवला.

एक गोष्ट मात्र सांगितल्यावाचून भागणार नाही. तू लिहून पाठवलेली ओळ पाथरवटाने जशीच्या तशी कोरली: ‘प्रेमळ पती, पीता आणि आजोबा’. दुसरी वेलांटी. शब्बाथच्या घोटभर द्राक्षारसापलीकडे ज्यांनी जन्मात काही घेतलं नाही, ते आता कायमचे पीत बसले आहेत. दातांचे डॉक्टर हसू दाबायला खोकले. दादा तुझ्यावर चिडला आहे, पण तू मनाला लावून घेऊ नकोस. नातीला माझा पापा.

तुझी,
आई

शुक्रवार, १२ मे

ती. आईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं वाचणाऱ्या माणसाच्या उशाशी मी चूक ठेवली. ती ओळ कचेरीत, जेवणाच्या सुट्टीत, एका फॉर्मच्या पाठीवर खरडली होती. पुन्हा वाचलीसुद्धा नाही.

पण बोचतंय ते वेगळंच. तुझी नात झाली तेव्हा मी बाबांना चार पानं लिहिली होती. आठवड्याने तीच पानं परत आली, लाल पेन्सिलीने तेवीस चुका काढून. बाकी एक अक्षर नाही. मी रागाने ठरवलं, यांना पुन्हा पत्र म्हणून लिहायचं नाही. सहा वर्षं नाहीच लिहिलं. फोनवर ‘बरं आहे ना’ एवढंच. आणि इतक्या वर्षांनी त्यांच्यासाठी पहिली ओळ लिहिली, ती त्यांच्या दगडावरची.

दुसरा दगड करून घेऊ या. पण त्याने तरी काय होणार? ते मला माफ करणार नाहीत. शब्दकोश शेजारी घेऊन हे लिहिते आहे, तरी काही राहिलं असेल तर पदरात घे. लोभ कमी करू नकोस.

तुझी,
धाकटी

रविवार, २१ मे

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कालच आलं, पण काल शनिवार, म्हणून उत्तर आज. शब्बाथला आपण लेखणी धरत नाही, हे तू विसरली नसशील. तुझे बाबा त्यासाठीच शनिवारची वाट पाहायचे.

ती चार पानं तुला परत पाठवण्याआधी त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून घेतली होती, तुझ्या तेवीस चुकांसकट. उत्तरात काय लिहावं ते त्यांना सुचेना, म्हणून जे येत होतं ते त्यांनी केलं. पण इतर दिवशी ती नक्कल हातात घेतली की पेन्सिल शिवशिवायची. म्हणून दर शनिवारी खिडकीपाशी बसून ती नुसती वाचायचे. ‘तुम्ही आजोबा झालात’ इथे आले की मला हाक मारून तेवढं पुन्हा मोठ्याने वाचायचे. सहा वर्षांत एकही शनिवार चुकला नाही.

हे मी तुला तेव्हाच कळवायला हवं होतं. बापलेकीचं भांडण आहे, आपण मध्ये कशाला पडा, असं म्हणत राहिले. तो अपराध माझा आहे, तोही तू आपल्या डोक्यावर घेऊ नकोस.

दगड आहे तसा राहू दे, दादाला मी समजावलं आहे. सहा दिवस ते त्या वेलांटीवर कुरकुरतील, सातव्या दिवशी नुसतं वाचतील. नातीला घेऊन ये आणि तुझा खडा तू ठेव. लोभ आहेच, तो वाढता राहो.

तुझी,
आई

ता. क. तुझं पत्र सोबत परत पाठवते आहे. बाकी ह्रस्व-दीर्घ पाहिलं नाही. त्यांची लाल पेन्सिल घेऊन एकच चूक काढली आहे. ‘ते मला माफ करणार नाहीत’ यातला शेवटचा शब्द खोडला आहे.