रूथबाईंचा फुलांचा डबा

काळाचौकी, मुंबई

प्रिय रूथ विहीणबाई,

हे पत्र अक्षता तुम्हाला इंग्रजीतून वाचून दाखवेल. (अक्षता, एकही वाक्य गाळायचं नाही. बाबांबद्दलचंसुद्धा.) आम्हाला हे लग्न मनापासून पसंत नाही असं तुम्ही समजून बसलात, हे काल जावईबापूंच्या फोनवरून कळलं. तेव्हापासून मला जेवण जात नाही.

लग्नानंतर तुम्ही घरी येऊन तो काळा पत्र्याचा डबा माझ्या हातात ठेवलात. वर रंगवलेली लाल फुलं, पिवळी पानं, आत बिस्किटं. डोळ्यांत पाणी आणून बरंच बोललात. अक्षता नवऱ्याला घेऊन रे रोडला आत्याकडे जेवायला गेलेली, म्हणून भाषांतर आमच्या ह्यांनी केलं. गोदीत नोकरी केल्यामुळे आपलं इंग्रजी पक्कं आहे असा त्यांचा दावा आहे. तुम्ही बिस्किटं ताजी असतानाच संपवायला सांगताय, असं ते म्हणाले.

आम्ही संपवली. मग डबा हलक्या हाताने धुवायला घेतला, तर बुडाला पाच बायकांची नावं कोरलेली. आडनाव सगळ्यांचं एकच, शेवटचं नाव तुमचं. आमच्याकडे भांड्यावर नाव घालतात ते शेजारी गेलेलं भांडं ज्याचं त्याला परत मिळावं म्हणून. शिवाय दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. म्हणून रव्याचे लाडू भरून विमानतळावर तो तुमच्या हातात दिला. तुम्ही रडलात. मला वाटलं, लाडू आवडलेले दिसतात.

ती नावं तुमच्या घरच्या सुनांची आणि डबा आता अक्षतासाठी होता, हे आत्ता कळतंय. तुमच्या आजेसासूच्याही आजेसासूने तो डबा दारावरच्या फेरीवाल्याला चिंध्या देऊन घेतला होता म्हणे. अहो, मग तो आमच्या बोहारणीचाच भाऊ की! आधी सांगितलं असतंत तर मी तुम्हाला दोन दिवस हलू दिलं नसतं.

तर पत्राचं कारण. डबा परत केला म्हणजे मुलगी परत मागितली, असं नाही हो. तिला पाठवताना माझा जीव तुटला हे खरं, पण पाठवली ती आनंदाने. डबा कपाटात ठेवलात म्हणे, तो काढा आणि तिला द्या. तुमच्या नावाखाली तिचं नाव तुमच्याच हाताने घाला. फक्त ‘अक्षता’. आडनाव तुमचंही नको, आमचंही नको. म्हणजे तिला कुणी कुणाकडे परत पाठवायला नको.

तुमचीच विहीण,
मेघना