मामाच्या यंत्रावरचा आळ

ती. मामा,

साष्टांग नमस्कार (कागदावरच, कंबर धरली आहे). तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा खोकला? आई बॅग घेऊन तुमच्याकडे पोचली असेल आणि तिची बाजू ऐकून तुमचे कान किटले असतील. आता माझी ऐका.

तुम्ही प्रेमाने धाडलेलं रक्तदाबाचं यंत्र आईने जिवापाड जपलं. बाबांनी मात्र आपलं जुनं सोडलं नाही. बाबांचाच रक्तदाब, पण जुन्यावरचे आकडे शहाण्यासारखे एका जागी, तुमच्यावरचे आज माडीवर तर उद्या तळघरात. डॉक्टरीणबाई वैतागल्या. कुठलं यंत्र खरं ते आधी ठरवा, म्हणाल्या, मग गोळी वाढवायची का ते बघू. आता रंगाच्या कारखान्यात माझं कामच हे: दोन यंत्रांची मापं सारखीच उड्या मारतात की एक जास्त द्वाड आहे, हे संगणकाला विचारायचं. (सरासरीचा इथे संबंध नाही. प्रत्येक आकडा आपल्या गटाच्या मध्यापासून किती लांब भटकतो ते तो बघतो, आणि दोन गटांतला फरक योगायोगाचा वाटतो का ते सांगतो.) मला चेव आला. ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही गट भरले. सरासरी जवळपास तीच, चढउतारांत मात्र जमीनअस्मानाचा फरक! मामाचं यंत्र बिघडलंय, असं मी जेवताना जाहीर केलं. आईने पळी खाली ठेवली. तिच्या भावाने आयुष्यात कुणाला बिघडलेली वस्तू दिलेली नाही म्हणे. (सायकलीचा विषय मी गिळला.)

तिथेच थांबले असते तर! पण मी दोन्ही यंत्रं आळीपाळीने स्वतःच्या दंडाला बांधून पाहिली, तर दोन्ही गुणी. मग ध्यानात आलं. जुन्यावर बाबा आपलं आपण मोजतात, अंघोळीनंतर, खिडकीशी बसून. तुमच्यावर आई मोजते, आणि पट्टा फुगायला लागला की गच्चीचं दार कुणी उघडं टाकलं, आत्याने परवा तिला काय ऐकवलं, हे सगळं तिला आठवतं. कारण तेवढाच वेळ बाबांना उठून जाता येत नाही. ती खुशीत असली की आकडाही नरम. मग मी (विनाशकाले विपरीत बुद्धी) आलेखावरची यंत्रांची नावं खोडून तिथे 'आई' आणि 'बाबा' लिहिलं आणि कागद टेबलावर ठेवला. तेही निभावलं असतं. पण मी नोकरीत नेमकं काय करते हे कधीही न विचारलेले बाबा म्हणाले, "पोरीला शिकवल्याचं चीज झालं!" आई उठली ती थेट बॅग भरायला.

बाकी इकडे उत्तम. घरात शांतता आहे, बाबा खूश आहेत.

तुमची भाची

ता. क. यंत्र बिघडलेलंच होतं, असं तिला सांगाल का? तुमची थोडी अब्रू जाईल, पण घर राहील.

आणखी एक ता. क. बाबा खूश नाहीत. आई गेल्यापासून दोन्ही यंत्रांवर मीच मोजते. चढउतार संपले, फरक म्हणून उरला नाही. सगळेच आकडे सारखे चढलेत. डॉक्टरीणबाई सोमवारी गोळी वाढवणार आहेत. मी पट्टा बांधायला गेले की बाबा म्हणतात, "राहू दे, तुला जमत नाही," आणि बाही वर करून तसेच बसून राहतात. मला नाही जमत, मामा. आईला आणून सोडा.