डिकीत बसून मोगलाई

१९ जानेवारी १९४७, रविवार. टोके

व्हय, मागंच बसले. डिकीत. मग त्यात काय झालं?

गाडीला शिटं दोनच. चालवायला काकासाहेब भावजी, माझे धाकटे दीर. शेजारी त्यांची रतन. मागं डिकीचं झाकन उलटं उघडलं की आत एक गादी हाय, तिच्यावर मी. त्या दोघांच्या डोक्यावर कापडाचं छप्पर. माझ्या डोक्यावर आभाळ. निघताना रतनची आई म्हनाली, "पांढरं कपाळ पुढं नगं बाई, लांबचा परवास हाय." मी म्हनले, "बरंच हाय की. कुठं आदळली तर आधी तुमची लेक." म्हातारी तीनदा थुंकली.

गाडी ह्यांची. लष्कराच्या कॅम्पातला एक कप्तान विलायतेला जाताना टाकून गेल्ता, इंजीन उकलून पडलेलं. हे कॅम्पात फिटर. दोन वर्षं कामावरनं आले की तिच्याखाली शिरायचे. पाय तेवढे भाईर दिसायचे. मी त्या पायांशीच बोलायची. मग लाल रंग दिला. पोट जमिनीला टेकलंय तिचं, ठेंगनी हाय, पन पळती अशी की केडगावची कुत्री भुंकायचं सोडून नुसती बघत ऱ्हायची.

गाडी चालू झाली आन चार म्हयन्यांत हे गेले. त्या सकाळी गाडी सुरू झाली न्हाई, म्हनून सायकल घिऊन कामावर निघाले. केडगावच्या वळनावर मालमोटारीखाली आले. तवापासनं समदे एकच बोलतात — गाडीनं आसारामला खाल्लं.

वर्षसराद झालं तसे भावजी म्हनाले, "वैनी, ही अवदसा आता इकायची. औरंगाबादेत गिऱ्हाईक हाय." मी म्हनले, "इका. पन आधी मला तिच्यातनं फिरवा. दौलताबाद, येरूळ. तुमच्या दादानी शब्द दिल्ता." त्यांना न्हाई म्हनता आलं न्हाई.

गाडी इकली की ते दोघं रेल्वेनं परस्पर मुंबईला. भावजींची नोकरी तिकडं. मी सर्व्हिस मोटारीनं केडगावला. मग खोली, चूल आन मी. म्हनून जेवढे दिस मिळतील तेवढे मिळू द्या.

ही वही ह्यांचीच. पुढं नटबोल्टांची चित्रं हायत. कोऱ्या पानांवर मी लिवते.

२० जानेवारी

आज परदेशात आले. खरंच. गोदावरीच्या अल्याड इंग्रजाचं राज, पल्याड निजामाचं. बाभळ तीच, जवारी तीच, पन शिपाई येगळा, पाटीवर उर्दू, रुपयाबी येगळा. बघत बघत आले की माती कुठं बदलती. न्हाई बदलत.

नाक्यावर जकातीचा कारकून आला. लाल टोपी, कानावर पेन्शिल. समदी गाडी बघून माझ्यापाशी आला.

"डिकीत काय माल हाय?"

"थोरली जाऊ," मी म्हनले. "जकात लागती का?"

त्यानं मला खालीवर बघितलं. "जुन्या मालाला माफ हाय, बाई."

लई हसले. पुढच्या दोघांना सांगावं म्हनून वाकले तर गाडी सुटलीसुद्धा. इंजिनाच्या आवाजात त्यांना काय ऐकू येतंय. हसू तसंच तोंडात ऱ्हायलं.

भावजी रोज सकाळी चाकाखाली लिंबू ठिवतात. चिरडलं की मगच निघायचं. मी म्हनले, "भावजी, येवढ्या लिंबांचं बरनीभर लोनचं झालं असतं." रतन हसली. मग नवऱ्याकडं बघून हसायची थांबली.

२१ जानेवारी

दिवसभर कोनाशी बोलले न्हाई. तोंड उघडलं की धूळ.

२२ जानेवारी. दौलताबाद

आज किल्ला.

मधी एक अंधारी हाय. भुयारच. मशाल घिऊन एक मानूस पुढं चालतो, बाकीच्यांनी भिंत चाचपत मागनं जायचं. भावजींनी रतनचा हात धरल्ता, दिसला मला. धरावा की. नवी हाय ती.

मधीच मशाल वळनाआड गेली. काळंकुट्ट झालं. माझा पाय घसरला आन तोंडातनं गेलं — "अहो."

अंधारातनं एक बाप्या म्हनला, "आलो गं, थांब तितंच."

कुनाचा नवरा कुनास ठाऊक. त्याला वाटलं त्याचीच बायको. मी म्हनले, "येऊ नका, मी दुसरीच हाय." समदी भुयारभर हसली. त्याची बायको पुढनं म्हनाली, "हितं मी हाका मारती ते ऐकू येत न्हाई, आन लोकांच्या बायका बरोबर ऐकू येत्यात."

मीबी हसले. पन खरं सांगते, "आलो गं" म्हनला ना, तवा मी थांबले हुते. जाग्यावर थांबले हुते.

वर गेल्यावर लांबवर दिसतं. रतन म्हनाली, "आक्का, केडगाव कुठल्या अंगाला?" मी म्हनले, "माझ्या पाठीला."

२४ जानेवारी

येरूळ बघितलं. अख्खं देऊळ डोंगरातनं कोरून काढलंय, वरनं खाली. लोक हात जोडत हुते. ह्यांनी हात जोडले नसते. पयला घाव कुठं घातला असंल, ते हुडकत बसले असते.

उद्या औरंगाबाद. झालं.

२५ जानेवारी. औरंगाबाद

फक्रुद्दीनभाईंच्या घरी उतरलो. हे आन ते कॅम्पात एकाच वर्कशापात हुते, एकाच डब्यातलं जेवायचे. आता हितं त्यांचं मोटारीचं दुकान हाय. ते जालन्याला गेलेत कुनाची लारी दुरुस्त करायला, चार दिसांनी येतील. घरी बिबीजान, त्यांची बायको. मला बघितल्या बघितल्या गळ्यात पडली आन रडली. मी म्हनले, "बिबी, रडू नको, माझा पदर येकच धुतलेला हाय." तशी रडता रडता हसली.

गिऱ्हाईक उद्या सकाळी येनार. इथल्याच एका सावकाराचा पोरगा, त्याला लग्नाच्या वरातीत मिरवायला लाल गाडी पायजे.

उद्या इकली की परवा मी केडगावात.

२६ जानेवारी

गाडी सुरू झाली न्हाई.

भावजींनी हँडल मारून मारून सदरा भिजवला. इंजीन फिरतंय, पेटत न्हाई. गिऱ्हाईक पान खात उभं. भावजींच्या तोंडून गेलं, "दादा गेला त्या दिवशीबी असंच." पोरानं इचारलं, कोन दादा? रतननं समदं सांगितलं. पोरानं पान थुंकलं आन टांग्यात बसून गेलं.

आता तुला सांगते, वही. दुसऱ्या कुनाला सांगनार न्हाई.

इंजिनावर एक काळी टोपी असती, तिच्यातनं तारा निघालेल्या. तिच्याखाली बोटाच्या पेराएवढा तुकडा, वर पितळंची पट्टी. रोटर म्हनतात. तो नसला तर इंजीन नुसतं फिरतं. लढाईत कॅम्पात हुकूमच हुता — गाडी सोडून जायचं तर रोटर काढून खिशात घालायचा, म्हंजी कुनी पळवनार न्हाई. ह्यांना तीच सवय. दुपारी जेवायला आले की रोटर काढून माझ्या हातावर ठिवायचे, आन मी कनवटीला खोचायची. जायच्या येळेला हात पुढं करायचे. मी म्हनायची, "आधी नाव घ्या." लाजायचे. शेजारच्या कडूबाईला ऐकू जाईल म्हनून हळू घ्यायचे. मी म्हनायची, "मोठ्यानं." मग मोठ्यानं घ्यायचे, तवा रोटर मिळायचा. कधी कधी मी न सांगताच काढून ठिवायची. हे टोपी उघडून बघायचे, गालात हसायचे आन सरळ चुलीपाशी यायचे. हात पुढं.

आज फाटंला बिबीजान पानी तापवत हुती, तवर मी काढला. कनवटीला हाय. टोचतोय.

भावजींना गाडी चालवता येती, उघडता येत न्हाई. बिबी म्हनाली, "ते येईपर्यंत कुनी हात लावू नका."

चार दिस मिळाले.

२८ जानेवारी

लई बरं चाललंय.

गाडी बंद म्हनून समदे घरात. रतन माझ्या शेजारी बसून तांदूळ निवडती. मी तिला भावजींच्या लहानपनच्या गोष्टी सांगितल्या — शाळेत मास्तरांना भिऊन कनगीत लपले हुते, आन तितंच झोपले, आन समदं गाव इहिरीत गळ टाकून हुडकत हुतं. रतन हसून हसून सुपावर पडली. भावजी भाईरनं म्हनले, "वैनी, पुरे." मी म्हनले, "कनगीतनं बोलताय का?"

बिबीनं माझं डोकं न्हाऊ घातलं. वर्षभरात माझ्या डोक्याला दुसऱ्याचा हात लागला नव्हता.

ताटं चार मांडायची. मी मोजत न्हाई, पन दिसतं.

२९ जानेवारी

फक्रुद्दीनभाई आले. हात धुतले, च्या घेतला, टोपी उघडली, झाकली. येवढाच येळ.

भावजींना म्हनले, "काकासाहेब, बाजारातून एक तार आना." भावजी गेले तसे माझ्याकडं वळले.

"भाबी. ये पुर्जा गिरता नइ. कोई निकाले तोच निकलता."

मी म्हनले, "उंदरानं नेला असंल."

"हव. उंदीर जेवायला बी बसला हुता काल, बिबी सांगत हुती."

हसले ते. मीबी हसले. मग ते गाडीच्या लाल पत्र्यावरनं हात फिरवत ऱ्हायले. हसू गेलं त्यांचं.

"एक बात मला कळली न्हाई, भाबी. आसारामच्या हातची गाडी. मी बघितली हुती. ती ऐन कामाच्या येळेला बंद कशी पडली?"

मी म्हनले, भाकरी करपती हाय. आन आत गेले. तव्यावर काय नव्हतं.

३० जानेवारी

फक्रुद्दीनभाई काय बोलले न्हाईत. "सुटा भाग मागवावा लागंल," येवढंच भावजींना म्हनले. माझ्यासाठी येळ काढून दिला, कळतंय मला.

पन भावजींचं डोकं फिरलंय. सकाळी अंगनात उभे राहून बोलले, "आता इकायचीबी न्हाई. असली अवदसा दुसऱ्याच्या दारात कशाला? त्या पोराच्या वरातीत कुनी मेलं असतं तर? मोडीत घालतो. घनानं फोडतो मीच."

रतन म्हनाली, "फोडा."

मी म्हनले, "भावजी, मुकं वाहन हाय."

"मुकं? वैनी, तिनं तुमचं कुंकू पुसलं, आन तुमी तिची बाजू घेता? त्या दिवशी ती सुरू झाली असती तर दादा आज हितं बसला असता."

ते खरं हाय.

मग ते गाडीपाशी गेले आन तिला लाथ मारली. जिथं हे पाठीवर पडायचे, त्याच अंगाला. दोन वर्षं ह्यांनी तिला पुसली, अंजारली. वर्षभर मी गप बसून लोकांच्या शिव्या तिला खाऊ दिल्या. बरं वाटायचं मला. माझ्या वाटच्या कुनी तरी खातंय.

उद्या लोहार आननार हायत.

३१ जानेवारी

लोहार आला तवा मी गाडीच्या म्होरं उभी ऱ्हायले. कनवटीतनं रोटर काढला आन भावजींच्या हातावर ठिवला. म्हनले, गाडी चांगली हाय, मीच काढला हुता, तुमी लवकर जाऊ नये म्हनून.

त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला. मग एवढंच इचारलं, "आन त्या दिवशी?"

त्या दिवशीबी मीच काढला हुता. संक्रांतीचा दुसरा दिस हुता, ह्यांच्या तोंडून नाव ऐकायचं हुतं. त्यांना उशीर झाल्ता, आत आलेच न्हाईत. सायकलीचा आवाज आला तवा मी दाराआड उभी राहून हसत हुते.